बागेतील एल.ई.डी. दिवे आणि न्यूट्रलची तार

ड्रॅगन फ्रूटला हंगामाबाहेर फुले यावीत म्हणून, शेवंतीने लवकर कळी धरू नये म्हणून, किंवा अंड्यावरील कोंबड्यांना रोजचा १६ तासांचा प्रकाश मिळावा म्हणून आपल्याकडील बरेच बागायतदार आता रात्री दिवे लावतात. पूर्वी या कामासाठी पिवळे बल्ब वापरले जात. त्यांच्या जागी ९ ते १२ वॅटचे एल.ई.डी. बल्ब आल्यापासून विजेचा खर्च पुष्कळ खाली आला, ही गोष्ट खरीच आहे. मात्र या बदलाबरोबर एक दोष शेतावर शिरला आहे आणि तो सहसा नुकसान झाल्यावरच लक्षात येतो. पेटी उघडून पाहिली तर फेजच्या तीनही तारांचे वेष्टन शाबूत असते. न्यूट्रलच्या तारेचे मात्र काळे पडून तडकलेले असते. वायरमनला विचारावे तर तो म्हणतो, "तिन्ही फेजवर भार अगदी सारखा वाटला होता, मग न्यूट्रल तापायचे कारणच नाही."

वायरमनचे म्हणणे पिवळ्या बल्बच्या काळात बरोबर होते. एल.ई.डी. दिव्यांच्या बाबतीत ते लागू पडत नाही. असे का होते आणि न्यूट्रलची तार किती जाडीची घ्यावी याबद्दल विद्युत नियमावली काय सांगते, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे. बागेत दिव्यांची जोडणी करण्यापूर्वीच ही माहिती असणे बरे, कारण केबल एकदा टाकल्यावर बदलणे फार महाग पडते.

न्यूट्रल बारीक ठेवण्याची पद्धत

शेतकऱ्याचा विजेशी पहिला संबंध येतो तो पाण्याच्या मोटारीमुळे. थ्री फेज मोटारीला तीन तारा पुरतात, तिला न्यूट्रल लागत नाही. मोटारघरातला एखादा बल्ब सोडला तर न्यूट्रलला शेतावर कामच नव्हते. त्यामुळे ही तार कशीही चालते, असा समज रूढ झाला. बाजारात मिळणारी साडेतीन कोअरची केबलही याच विचाराची आहे. तिच्यात तीन कोअर पूर्ण जाडीचे आणि न्यूट्रलचा कोअर साधारण निम्म्या जाडीचा असतो. ५० चौ.मि.मी.च्या केबलमध्ये न्यूट्रल २५ चा, ७० च्या केबलमध्ये ३५ चा, तर ३५ च्या केबलमध्ये अवघा १६ चा.

न्यूट्रल बारीक ठेवला तरी चालत होते यामागे शास्त्रीय कारण आहे. उखळात तिघी जणी आळीपाळीने मुसळ घालतात तेव्हा एकीचे मुसळ खाली येते त्या वेळी दुसरीचे वर जात असते. तिघींचे एकमेकींशी अंतर सारखे राहते. तीन फेजमधील वीजप्रवाहाचेही तसेच आहे. सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होणारे हे तीन प्रवाह एकमेकांपासून बरोबर एक तृतीयांश फेऱ्याने मागे-पुढे असतात. तिन्हींवर भार सारखा असेल तर न्यूट्रलमध्ये आल्यावर त्यांची बेरीज शून्य होते. भार थोडाफार कमी-जास्त असेल तर फक्त फरकापुरता प्रवाह न्यूट्रलमधून जातो. मग निम्मी तारही पुरे.

एल.ई.डी. बल्ब प्रवाह कसा ओढतो

पिवळ्या बल्बमधील तार विजेच्या दाबाच्या चढ-उताराप्रमाणे प्रवाह घेते. दाब वाढला की प्रवाह वाढतो, दाब उतरला की उतरतो. एल.ई.डी. बल्बच्या टोपणात एक छोटे सर्किट असते. त्यात आलटती वीज एकाच दिशेची करून कपॅसिटरमध्ये साठवली जाते. पाटाच्या कडेला पाण्याची टाकी आहे आणि पाटातले पाणी टाकीच्या पातळीच्या वर चढले तरच ते टाकीत शिरते, अशी कल्पना करावी. एरवी पाट वाहत असला तरी टाकी काही घेत नाही. पाणी वर चढले की मात्र थोड्या वेळात भसकन भरून घेते. स्वस्त एल.ई.डी. बल्ब असाच दाबाच्या शिखरापाशी झटक्याने प्रवाह ओढतो आणि उरलेला वेळ जवळजवळ काहीच घेत नाही. विद्युतशास्त्रात अशा भाराला अरेषीय किंवा नॉन-लिनिअर भार म्हणतात. संगणक, टी.व्ही., मोबाईलचे चार्जर हेही याच जातीचे.

अशा झटक्यांच्या प्रवाहाची फोड केली तर त्यात ५० हर्ट्झचा मूळ प्रवाह तर असतोच, शिवाय १५०, २५०, ३५० हर्ट्झचे लहान-मोठे प्रवाह मिसळलेले आढळतात. यांना हार्मोनिक म्हणतात. न्यूट्रलच्या दृष्टीने त्यांतील तिसरा, म्हणजे १५० हर्ट्झचा प्रवाह घातक ठरतो.

पुन्हा त्या उखळाकडे येऊ. समजा मुसळाच्या एका फेऱ्यात प्रत्येक बाई तीन वेळा मान हलवते. तिघींची मुसळे आळीपाळीने पडत असली, तरी त्यांच्यातील अंतर नेमके एक तृतीयांश फेऱ्याचे असल्यामुळे तिघींच्या माना एकाच वेळी हलतील. तिसऱ्या हार्मोनिकचे असेच घडते. मूळ प्रवाह न्यूट्रलमध्ये एकमेकांना खोडून टाकतात, पण तिन्ही फेजचे तिसरे हार्मोनिक एकाच वेळी येऊन एकमेकांत मिसळतात. नववा आणि पंधरावा हार्मोनिकही असेच वागतात. म्हणून भार तिन्ही फेजवर अगदी मोजून सारखा वाटला असला, तरी न्यूट्रलमधून प्रवाह वाहतो आणि तो फेजमधील प्रवाहापेक्षा जास्त असू शकतो. प्रवाहाचे झटके फारच टोकदार असतील तर न्यूट्रलमध्ये फेजच्या १.७३ पटीपर्यंत प्रवाह जातो.

तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे येथे ध्यानात घ्यावे. न्यूट्रलमधील प्रवाह फेजच्या दीडपट झाला आणि ती तार निम्म्या जाडीची असली, तर एका फेजच्या तारेत जेवढी उष्णता होते त्याच्या साडेचार पट उष्णता न्यूट्रलमध्ये होते. वेष्टन काळे पडते ते यामुळे.

नियमावली काय सांगते

आपल्याकडे इमारतींच्या व आवारातील तारजोडणीसाठी आय.एस. ७३२ हे भारतीय मानक आहे. त्याची २०१९ ची आवृत्ती आय.ई.सी. ६०३६४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या धर्तीवर तयार केलेली आहे. या आंतरराष्ट्रीय मानकाच्या ५-५२ या भागात न्यूट्रलच्या जाडीचे नियम आहेत. ते वायरमनला समजावून सांगता येतील इतके सोपे आहेत.

पहिला नियम असा, की सिंगल फेज जोडणीत न्यूट्रल नेहमी फेजइतक्याच जाडीचा हवा. थ्री फेज जोडणीत फेजची तार तांब्याची १६ चौ.मि.मी. किंवा अ‍ॅल्युमिनियमची २५ चौ.मि.मी. पर्यंत असेल तर तेथेही न्यूट्रल फेजइतकाच ठेवावा. शेतावरील बहुतेक जोडण्या या मर्यादेत येतात, म्हणजे बहुतेक ठिकाणी बारीक न्यूट्रलचा प्रश्नच उरत नाही. यापेक्षा जाड केबलमध्ये न्यूट्रल कमी करता येतो, पण भार समतोल हवा, तिसऱ्या हार्मोनिकचे (आणि त्याच्या पटीतल्या नवव्या वगैरेंचे) प्रमाण फेजच्या प्रवाहाच्या १५ टक्क्यांवर नको, न्यूट्रलला जादा प्रवाहापासून संरक्षण हवे, आणि कमी केलेला न्यूट्रलही तांब्यात १६ व अ‍ॅल्युमिनियममध्ये २५ चौ.मि.मी. च्या खाली जाता कामा नये. या कसोटीला वर सांगितलेली ३५ ला १६ वाली अ‍ॅल्युमिनियमची केबल उतरत नाही. एखादी केबल दुकानात मिळते म्हणून ती प्रत्येक कामाला नियमात बसते, असे समजू नये.

दुसरा नियम चार कोअरच्या केबलसाठी आहे. केबलच्या तक्त्यांत दिलेली प्रवाह वाहण्याची क्षमता तीनच कोअर तापतात असे धरून काढलेली असते. न्यूट्रलही तापू लागला की ती क्षमता कमी धरावी लागते. तिसरा हार्मोनिक १५ टक्क्यांपर्यंत असेल तर काही बदल नाही. १५ ते ३३ टक्के असेल तर केबलची क्षमता ०.८६ ने गुणून धरावी. ३३ ते ४५ टक्के असेल तर केबलची निवड फेजच्या प्रवाहावरून न करता न्यूट्रलच्या प्रवाहावरून करावी व तेथेही ०.८६ ने गुणावे. ४५ टक्क्यांच्या वर गेल्यास निवड न्यूट्रलच्याच प्रवाहावरून करावी; मात्र तेथे क्षमता कमी करावी लागत नाही, कारण फेजचे कोअर पूर्ण क्षमतेने भरलेले नसतात. न्यूट्रलचा प्रवाह काढण्यासाठी फेजच्या प्रवाहाला तिसऱ्या हार्मोनिकच्या प्रमाणाने गुणून तिप्पट करावी. अमेरिकेच्या विद्युत संहितेतही चार तारांच्या जोडणीवर मुख्य भार अरेषीय असेल तर न्यूट्रल ही प्रवाह वाहणारी तार म्हणून मोजावी, असे स्पष्ट म्हटले आहे.

प्रत्यक्ष हिशेब

समजा एका बागेत ९ वॅटचे १,५०० बल्ब लावायचे आहेत. प्रत्येक फेजवर ५०० बल्ब, म्हणजे ४,५०० वॅट. वायरमन २३० व्होल्टने भागतो आणि सांगतो की फेजला सुमारे २० अँपिअर येतील. तांब्याची २.५ चौ.मि.मी. ची चार कोअर केबल भिंतीवर क्लिपने बसवली असता ३० अंश तापमानाला २४ अँपिअर वाहते. तो तीच केबल सुचवतो.

आता बल्बच्या खोक्यावर पॉवर फॅक्टर पाहिला आणि तो ०.६ निघाला, तर प्रत्यक्ष प्रवाह ४,५०० भागिले २३० गुणिले ०.६, म्हणजे सुमारे ३३ अँपिअर होतो. येथेच केबल कमी पडली. अशा बल्बमध्ये तिसरा हार्मोनिक फेजच्या प्रवाहाच्या ५० टक्के धरला तर न्यूट्रलमध्ये ३३ गुणिले ०.५ गुणिले ३, म्हणजे जवळजवळ ५० अँपिअर येतात. प्रमाण ४५ टक्क्यांच्या वर असल्यामुळे केबल ५० अँपिअरवरून निवडायची. ६ चौ.मि.मी. ची क्षमता ४१ अँपिअर, ती पुरत नाही. १० चौ.मि.मी. ची ५७ अँपिअर, ती पुरते. वायरमनने सांगितलेल्या केबलच्या चौपट तांबे लागले.

तोच हिशेब चांगल्या बल्बचा करून पाहावा. पॉवर फॅक्टर ०.९५ असेल तर फेजचा प्रवाह २१ अँपिअरच्या आत राहतो. तिसरा हार्मोनिक २० टक्के धरला तर २०.६ भागिले ०.८६, म्हणजे २४ अँपिअरची केबल हवी. २.५ चौ.मि.मी. ची केबल अगदी काठावर येते, म्हणून ४ चौ.मि.मी. घ्यावी. बल्बमागे वाचवलेले चार-दोन रुपये केबलमध्ये कसे वसूल होतात हे यावरून दिसते. युनिटवर आकारणी असलेल्या वीजबिलात मात्र या दोन बल्बांमध्ये काही फरक दिसत नाही, कारण मीटर वॅट मोजतो. तारेला मात्र अँपिअर वाहावे लागतात. म्हणून बिल पाहून बल्बची परीक्षा होत नाही.

बल्ब खरेदी करताना खोक्यावर पॉवर फॅक्टर ०.९ किंवा अधिक छापलेला आहे का, हे आधी पाहावे. छापलेलाच नसेल तर तो बल्ब शेकड्याने घेऊ नये. लहान दिव्यांना मानकांतच बरीच सूट आहे. २५ वॅटपर्यंतच्या दिव्यात तिसरा हार्मोनिक मूळ प्रवाहाच्या ८६ टक्क्यांपर्यंत चालतो असे आंतरराष्ट्रीय मानक म्हणते. घरातल्या आठ-दहा बल्बांना हे खपून जाते. बागेत हजारो बल्ब एका न्यूट्रलवर येतात तेव्हा ही सूट आपल्याला महागात पडते.

कमी पॉवर फॅक्टरचे बल्ब आधीच घेऊन ठेवले असतील तरी एक मार्ग आहे. चार कोअरची एक केबल टाकण्याऐवजी प्रत्येक फेजसाठी दोन कोअरची स्वतंत्र केबल टाकावी, म्हणजे प्रत्येक फेजला स्वतःचा न्यूट्रल मिळतो. त्यातून त्याच फेजचा प्रवाह परत येतो, तिन्हींचे हार्मोनिक बागेतल्या तारेत एकत्र होत नाहीत. वरील उदाहरणात ३३ अँपिअरसाठी ४ चौ.मि.मी. ची दोन कोअरची तांब्याची केबल पुरते (क्षमता ३६ अँपिअर). मात्र तिन्ही केबली एकमेकींपासून अंतर ठेवून न्याव्यात; एकत्र जुडी बांधली तर क्षमता कमी होऊन याहून जाड केबल लागेल. पेटीपासून मागे, मीटरकडे जाणाऱ्या मुख्य न्यूट्रलमध्ये तिन्ही पुन्हा एकत्र येतात, म्हणून तो तुकडा हिशेबाप्रमाणे जाडच हवा. जनरेटरवर दिवे चालवीत असाल तर जनरेटरच्या न्यूट्रलच्या तारेलाही हेच लागू आहे.

हे सर्व आकडे ३० अंश तापमानाचे आहेत. हिवाळ्याच्या रात्री बागेत ते चालतील. पत्र्याच्या पोल्ट्री शेडमध्ये किंवा उन्हाळ्यात पॉलिहाऊसमध्ये ४० अंश धरले तर पी.व्ही.सी. केबलची क्षमता ०.८७ ने गुणावी. बाग लांब असेल तर शेवटच्या बल्बापर्यंत दाब पुरेसा पोहोचावा म्हणून याहूनही जाड केबल लागू शकते. तो हिशेब वायरमनकडून वेगळा करून घ्यावा.

न्यूट्रल तुटला तर

न्यूट्रल जळून तुटला की दिवे विझतील, अशी अनेकांची समजूत असते. घडते उलटे. न्यूट्रल गेल्यावर दोन फेजवरील बल्ब एकमेकांच्या मालिकेत येतात आणि त्या दोन गटांवर मिळून ४०० व्होल्ट पडतात. एका फेजवर ५०० आणि दुसऱ्यावर फक्त १२५ बल्ब चालू आहेत, तिसरा बंद आहे, असे समजा. पिवळ्या बल्बच्या हिशेबाने ५०० च्या गटाला ८० व्होल्ट मिळतील आणि १२५ च्या गटाला ३२० व्होल्ट. एल.ई.डी. बल्बचा हिशेब इतका सरळ नसतो, पण दिशा हीच. स्वस्त बल्बमध्ये साधारणपणे ४०० व्होल्टचा कपॅसिटर असतो आणि ३२० व्होल्टच्या विजेचे शिखर ४५० व्होल्टच्या वर जाते. मिनिटाभरात बल्ब फटाफट फुटू लागतात. त्याच पेटीवर चार्जर, ठिबकचा कंट्रोलर किंवा फवारणीची टाकी ढवळणारी छोटी मोटार असेल तर तीही जाते. शेडमध्ये वाळलेला भुसा किंवा गव्हाचे काड असेल तर आगीचा धोका वेगळाच.

या कारणाने न्यूट्रलमध्ये स्वतंत्र फ्यूज किंवा एकट्या न्यूट्रलचा स्विच कधीही बसवू नये. विद्युत सुरक्षेच्या नियमांत हे पूर्वीपासून आहे. न्यूट्रल तोडायचाच असेल तर तो सर्व फेजबरोबर एकाच दांडीने तुटेल असा स्विच किंवा चार पोलचा ब्रेकर हवा. आणखी एक गोष्ट तितक्याच कळकळीने सांगावीशी वाटते. न्यूट्रल कमी पडतो म्हणून अर्थिंगची पट्टी, ड्रॅगन फ्रूटच्या खांबांना जोडणारी लोखंडी तार किंवा द्राक्षमांडवाची तार न्यूट्रल म्हणून वापरण्याचा मोह होतो. तसे केल्यास मांडवाच्या प्रत्येक तारेत वीज उतरू शकते. फळ तोडायला आलेल्या माणसाचा ओला हात त्या तारेला लागला तर त्याचा जीव जाऊ शकतो.

न्यूट्रल बहुधा सांध्यापाशी आधी जळतो. तांब्याची व अ‍ॅल्युमिनियमची तार पिळून वर टेप गुंडाळलेला सांधा दिव्यांच्या मुख्य केबलमध्ये ठेवू नये. थिंबल दाबून बसवावे आणि दोन धातू जोडायचे असतील तेथे त्यासाठीचेच दुधातूचे थिंबल वापरावे. फेजच्या सांध्याइतकीच काळजी न्यूट्रलच्या सांध्याची घ्यावी.

पाण्याच्या मोटारीबाबत मात्र घाबरण्याचे कारण नाही. थ्री फेज मोटारीवर गती बदलणारा ड्राइव्ह बसवला तर तोही अरेषीय भारच असतो, पण त्याला न्यूट्रल जोडलेला नसतो आणि त्याचे हार्मोनिक मुख्यतः पाचवा व सातवा असतात. ते तार व ट्रान्सफॉर्मर तापवतात, न्यूट्रलमध्ये येत नाहीत.

मोजून पाहावे

दिव्यांची जोडणी झाल्यावर पहिल्याच रात्री सर्व दिवे लावून अर्ध्या तासाने टोंग टेस्टरने चारही तारांचा प्रवाह मोजून घ्यावा. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. टोंग टेस्टर ट्रू आर.एम.एस. प्रकारचा असावा. साधा टेस्टर सरळ लहरीच्या प्रवाहासाठी बनवलेला असतो, एल.ई.डी. बल्बच्या झटक्यांचा प्रवाह तो बराच कमी दाखवतो आणि सारे ठीक असल्याचा भास होतो. न्यूट्रलचा आकडा केबलच्या क्षमतेपेक्षा जास्त आला तर त्या केबलवरील निम्मे बल्ब त्याच रात्री बंद करावेत आणि दुसरी केबल टाकेपर्यंत ते बंदच ठेवावेत. चारही आकडे, तारीख आणि चालू बल्बांची संख्या पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावी. पुढच्या हंगामात आणखी दोनशे बल्ब वाढवण्याचा विचार निघेल, तेव्हा वायरमनला प्रथम तो कागद दाखवावा.